एकतीस गणपती आणि एक दमडीफायर

आमच्या रानातल्या जोयड्यात पावसाळा मुरला, की कपाटातल्या माझ्या चपलांना मिशा फुटतात. पांढऱ्या, मऊ, नीट विंचरून भांग पाडता येईल अशा. आषाढातला पाऊस निदान बाहेर तरी पडतो. श्रावणातला पाऊस घरात राहायला येतो, आणि पाहुण्यासारखा नव्हे, घरजावयासारखा. मिठाच्या बरणीत पाणी, आगपेटीत चिखल. न्हाणीघराचं दार फुगून चौकटीत बसेनासं होतं, म्हणून आत असलेल्या माणसाने आवाज करत राहायचं असा आमच्या घरचा नियम आहे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, अभंग म्हणतात. माझा नवरा प्रकाश नुसता खोकतो. बाहेरच्याला त्या खोकल्यावरून अजून किती वेळ लागणार याचा अंदाज येतो.

माझं माहेर जतकडचं. तिकडे धुतलेली साडी दोरीवर टाकायची आणि चिमटे शोधायला आत जायचं; चिमटे सापडेपर्यंत साडी वाळलेली असते. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी इथे एक परकर सोमवारी वाळत घातला. पुढच्या सोमवारी तो तितकाच ओला होता, फक्त मधल्या काळात त्याला वास आला होता. शेवटी सासूबाईंनी (त्या तेव्हा होत्या) तो चुलीवरच्या बांबूच्या चटईवर टाकला. तेव्हापासून माझे सगळे कपडे धुरावरच वाळले. बेळगावच्या बाजारात एकदा एक अनोळखी बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "जोयड्याकडच्या काय गो तुमी?"

परवा मी माळ्यावरून यंत्र खाली काढलं. फडक्याने पुसलं, जाळीतली धूळ झटकली, बटण दाबलं. जुन्या फ्रीजसारखी त्याची घरघर सुरू झाली, आणि खोलीतल्या ओल्या मातीचा वास नाकात शिरला. तेवढ्या दोन गोष्टींनी तो एक श्रावण सगळाच्या सगळा परत आला.

त्या वर्षी मडगावला राहणारी माझी अक्का वरच्या मजल्यावरच्या, उन्हाच्या घरात राहायला गेली. जुन्या घरात ओल येई म्हणून तिने एक डीह्युमिडिफायर घेतला होता. त्याचं आता काय करायचं, म्हणून तिने तो पोत्यात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. माझ्या लग्नाच्या शालूवर बुरशीचे ठिपके पडले आहेत हे मी तिला फोनवर रडत सांगितलं होतं. शालूसाठी म्हणून आलेलं ते यंत्र.

मामंजींनी पोतं सोडताना पाहिलं. त्यांचं तेव्हा नुकतंच बेळगावला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाहेर दिवसाढवळ्या अंधार, घरात त्याहून अंधार, आणि त्यात मामंजी काळा चष्मा लावून ओसरीवर बसलेले.

"हे काय गो?"

"डीह्युमिडिफायर, मामंजी. हवेतला ओलावा काढतं."

"दमडीफायर," मामंजी म्हणाले. त्या दिवसापासून त्याचं नाव तेच. "आनि काढून ठेवतंय कुटं?"

"ह्या डब्यात."

"डबा भरला की?"

"ओतायचा."

"कुटं?"

"बाहेर."

मामंजींनी काळा चष्मा नाकावर जरा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे भायेरचं पानी आत येतंय. ते तू यंत्रानं धरून परत भायेर टाकनार. त्यापेक्षा दार लाव की!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. आर्द्रता, थंड नळी, तिच्यावर जमणारे थेंब, असं सगळं मी त्यांना फळा नसतानाही फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "बगूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा काठोकाठ भरला होता. यंत्रावर लाल दिवा लागला होता, म्हणजे पोट भरलं, आता उपसा. मी डबा ओसरीवर आणून मामंजींसमोर ठेवला. त्यांनी त्यात बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला, पुन्हा बुडवलं.

"हे समदं आमच्या खोलीतलं?"

"तुमच्या नाही, आमच्या खोलीतलं. तुमच्या खोलीत अजून लावलं नाही."

मामंजींनी डबा जवळ ओढला. त्यांचं जुनं गाव सुपाच्या धरणाखाली गेलंय. ऐन तरुणपणी डोक्यावर भांडी घेऊन, गुरं हाकत ते इकडे वर आले होते. "पान्याला भिऊन गाव सोडलं," ते म्हणाले, "आनि पानी माज्या आदी हितं येऊन बसलंय की गो."

मामंजी गणपती करतात. बाजारात साच्याचे चकचकीत गणपती कितीही येवोत, आमचं धरून आजूबाजूची एकतीस घरं अजून मामंजींच्या हातच्या मातीच्याच गणपतीची पूजा करतात. नागपंचमीच्या आधी प्रत्येक घरून त्यांचा त्यांचा लाकडी पाट येतो. पाटाच्या पोटाला घराण्याचं नाव लिहिलेलं असतं, त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो आणि त्याच पाटावरून घरी जातो. तळ्याकाठची चिकणमाती, तीत पिंजलेला कापूस, आणि मामंजींची बोटं. नंदिगड्ड्याची सहा घरं, जोयड्यातली बरीचशी, आणि सगळ्यात लांबचं दिग्गीच्या देऊ गावकाराचं. देऊच्या वडिलांना मामंजींचे वडील गणपती करून देत. देऊ निम्मी वाट बसने येतो, आणि परतीच्या वाटेवर बस सोडली की पुढे गणपती डोक्यावर घेऊन रानातून चालत जातो. त्याचा गणपती सगळ्यात मोठा. एवढ्या लांब न्यायचा, तर हलका का नको, असं मी एकदा विचारलं होतं. देऊ म्हणाला, "लांबनं न्यायचा म्हंजे दिसाय नको काय, कायतरी आणलं म्हणून?"

गणपती घडवणं हे अर्धं काम. तो वाळणं हे उरलेलं अर्धं. ओल्या मातीवर रंग बसत नाही. बसला तरी चतुर्थीच्या दिवशी पोटावरून सालीसारखा निघतो. दरवर्षी मामंजी मागच्या पडवीत भुशाची शेगडी धुमसत ठेवत आणि भोवती गणपतींची रांग लावत. महिनाभर घरभर धूर असे. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: वाकायचं नाही, धूर डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. मामंजींनी पहिलं ऐकलं नाही, बसून बसून सगळे गणपती घडवले. पण ऑपरेशनमुळे सुरुवातच पंधरा दिवस उशिरा झालेली. आणि दुसरं मी ऐकवलं. शेगडी उचलून मी शेजारी देऊन टाकली.

मग पावसाने मनावर घेतलं. चतुर्थी बारा दिवसांवर आली आणि एकतीसपैकी एकही गणपती वाळला नव्हता. एक-दोघांच्या पोटावर तर हिरवट लव दिसायला लागली. मामंजी रोज सकाळी रांगेतून फिरत, प्रत्येकाच्या पाठीवर नखाने टिचकी मारत आणि पुढे जात. वाळलेली माती टिचकीला खणखणीत वाजते, ओली नुसती थप करते. एकतीस वेळा थप. जेवताना ते म्हणाले, "साठ वर्सात एक पाट मोकळा गेला न्हाई माज्या हातनं."

"यंत्र आहे की मामंजी," मी म्हणाले.

"देवाला यंत्रात घालनार?"

"यंत्रात नाही. खोलीत. यंत्र नुसतं बाजूला असेल."

"न्हाई."

मी वाद घातला नाही. मी आमच्या घरचा, सगळ्यात छोटा गणपती उचलला आणि आमच्या खोलीत स्टुलावर नेऊन ठेवला. दार-खिडक्या लावल्या, यंत्र सुरू केलं आणि शाळेला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणून मामंजींच्या मांडीसमोर ठेवला. त्यांनी सवयीने टिचकी मारली.

टण्ण.

मामंजींनी हात मागे घेतला. मग पुन्हा मारली, कानाजवळ. मग दुसऱ्या गणपतीला मारून पाहिली, म्हणजे आपले कान ठीक आहेत ना ते कळावं. थप. परत आमच्या गणपतीला. टण्ण.

"तुमचं कपाट बाजूला सरकवा," ते म्हणाले. "एकतीस मावनार न्हाईत."

त्या संध्याकाळी आमची झोपण्याची खोली देवांच्या ताब्यात गेली. पलंग उभा करून भिंतीला लावला. फळ्यांवर फळ्या चढवून तीन मजले केले. खिडकीच्या फटीत जुन्या साड्या कोंबल्या, वर खताच्या मोकळ्या पिशव्या चिकटवल्या. दार अगदी गरजेपुरतं, अंगापुरतं उघडायचं आणि लगेच लावायचं. त्यावर मामंजींची नजर. आम्ही चोरासारखे तिरके होऊन आत शिरायचो आणि ओसरीवरून आरोळी यायची, "दार! दार!"

सगळ्यात हाल प्रकाशचे झाले. तो लाईनमन आहे. पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात आणि तो दिवसभर खांबांवर असतो. संध्याकाळी ठिबकत घरी यायचा, आणि त्याचे सगळे कोरडे कपडे नेमके त्याच खोलीतल्या कपाटात. त्याला आत जायला सक्त मनाई. मामंजींचं म्हणणं असं, की तो एकटा आत गेला तर दोन दिवसांची मेहनत वाया जाईल. मग मी आत जाऊन हाताला लागेल ते बाहेर फेकायचे. एकदा घाईत त्याच्या हातात माझा स्वेटर आला. तो स्वेटर घालून तो फ्यूज बदलायला गेला. त्यावर फुलं विणलेली होती. गावात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण पुढचे दोन दिवस तक्रारीचे फोन कमी आले.

घरात इतकी कोरडी जागा मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. डबा उपसायला आत गेले, की दोन मिनिटं उगाच रेंगाळायचे. भिंतीला हात लावला तर हात कोरडा राहायचा. ओठ सुकायचे. डोळे मिटले की थेट जत. एकतीस सोंडा माझ्याकडे बघताहेत आणि मी मध्ये उभी राहून माहेरची हवा खाते आहे, असं दिवसातून चार वेळा.

आणि मग वीज गेली. रानात एक मोठं झाड तारांवर आडवं झालं. या गावात वीज गेली की लोक म्हणतात, "प्रकाश गेला," आणि मग स्वतःच हसतात, दरवेळी. या वेळी मला हसू आलं नाही. यंत्र मुकं, खोलीतली हवा हळूहळू पुन्हा जड व्हायला लागलेली. शेजारच्या बाई सकाळीच दारात. "लाईनमनच्या घरात दिवा आला काय बघाय आले." त्यांना वाटत होतं, आमच्यासाठी वेगळी तार आहे.

प्रकाश जेवायला आला तेव्हा मामंजींनी विचारलं, "कवा येनार करंट?"

"आधी पाण्याच्या पंपाची लाईन. मग दवाखाना. मग गाव."

"आनि गनपतीचं?"

"गणपती आपल्याच घरात हायत न्हवं? मग आपल्या नंबरानं."

मामंजींनी भाताचा घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. मला वाटतं, त्यांना रागही आला होता आणि बरंही वाटलं होतं.

दोन दिवसांनी वीज आली तेव्हा चतुर्थीला सहा दिवस उरले होते. बरेचसे गणपती तोवर वाजू लागले होते. दिग्गीचा तेवढा मागे राहिला होता. मोठा, जाड, पोटात ओल धरून बसलेला. नेमकं त्याच दिवशी प्रकाश मामंजींना डोळे दाखवायला बेळगावला घेऊन गेला. घरात मी एकटी आणि मला घाई. मी दिग्गीचा गणपती उचलला, यंत्रातून जिथून गरम कोरडी हवा बाहेर येते तिथे अगदी तोंडासमोर ठेवला, ओलाव्याचा आकडा सगळ्यात खाली आणि पंखा सगळ्यात वर केला, आणि शाळेत गेले. वर्गात त्या दिवशी मी खुशीत होते. मुलांना बाष्पीभवन शिकवलं.

दुपारी परत येऊन दार उघडलं. सगळे जागच्या जागी. दिग्गीचा गणपतीही जागच्या जागी, पांढराफटक, कोरडा. मी टिचकी मारायला हात पुढे केला आणि मला त्याच्या उजव्या कानापासून निघालेली रेघ दिसली. केसाएवढी. ती गालावरून खाली येऊन सोंडेच्या मुळाशी गेली होती. मी सोंडेला फक्त आधार द्यायला हात लावला. सोंड माझ्या हातात आली.

मी तिथेच फरशीवर बसले. हातात सोंड. ती अजून कोमट होती. यंत्र घरघरतच होतं, त्याला काय. जोडता येईल का, असं मनात आलं. डिंक, चिकणमाती, वरून रंग. देऊला कळणार नाही. पण मग मला तो रानातल्या वाटेवर चालताना दिसला, डोक्यावर गणपती, आणि वाटेत कुठेतरी त्याच्या पायाशी पडलेली सोंड. मी सोंड फडक्यात गुंडाळली आणि वाट बघत बसले.

सांगायचं कसं याची मी दोन तास तालीम केली. मामंजी आले, पाय धुतले, ओसरीवर टेकले. मी तालीम विसरले.

"मामंजी, दिग्गीचा गणपती फुटला. माझ्या हातनं."

ते उठले. आत गेले. आज त्यांनी दार लावायला सांगितलं नाही. भेगेवरून बोट फिरवलं, मोडलेल्या जागी अंगठा दाबून पाहिला. आत माती अजून काळी, ओली होती.

"तोंडाफुडं ठेवलीस?"

"व्हय."

"तू विज्ञान शिकवतीस न्हवं?"

"व्हय."

"मग पोरांनी विचारलं, माती का तडकती, तर काय सांगशील?"

मी मान खाली घालून उत्तर दिलं. वरचा थर आधी सुकतो आणि आकसतो. आतली माती ओली असते, ती आकसत नाही. दोघांची ओढाताण होते आणि भेग पडते.

"मग ठावं हाय की," मामंजी म्हणाले.

आयुष्यात मला कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. प्रकाश दारात उभा होता, तो खोकला. मी रडायला लागले. मामंजींनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाले, "डोळं लिवलेलं न्हाईत अजून. डोळं लिवल्याबिगर ती मातीच. मातीला परत माती करायला कसला दोष? बादलीत घाल. भिजव. पाच दिस हायत."

पाच दिवसांत इतका मोठा गणपती घडवून, वाळवून, रंगवायचा. धुराच्या शेगडीवर हे कधीच जमलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते तसं बोलले नाहीत. मी तर त्या यंत्राकडे बघतही नव्हते.

माती मी तुडवली. मामंजींना बेळगावच्या डॉक्टरांनी वाकण्यावरून परत दम दिला होता, म्हणून ते खुर्चीवर आणि मी त्यांच्या पायाशी. "पोट पोकळ ठेव. आत मूठ फिरंल इतकं. जाड न्हाई, पोळीएवढं. अगो, कागदाएवढं न्हवं, पोळी म्हनलं!" त्यांनी इतकी वर्षं जे कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या दोन दिवसांत माझ्यावर ओरडून सांगितलं. सोंड आणि चेहरा मात्र त्यांनी स्वतः केला. मी केलेला कान त्यांनी बघितला, काढला आणि दुसरा लावला.

मग वाळवणं. मी यंत्राची कळ दाबायला गेले तर मामंजी म्हणाले, "थांब. एक पोतं भिजवून आन."

"पोतं?"

"सोंड आनि कान पातळ. ते आदी सुकनार. त्यांच्यावर वलं फडकं. खाली वलं पोतं. पोट सुकंल तवा फडकं काढायचं."

"मामंजी, यंत्र ओल काढणार आणि आपण तिथेच ओल घालणार?"

"मग काय? देवाला घाबरवायचं हाय काय?"

म्हणून मग असं झालं: एका कोपऱ्यात यंत्र हवेतलं पाणी ओढून डब्यात साठवायचं, आणि तो डबा भरला की मामंजी तेच पाणी दुसऱ्या कोपऱ्यातल्या पोत्यावर ओतायचे. यंत्र पुन्हा ते ओढायचं. आम्ही पुन्हा ओतायचो. त्या यंत्राने आपल्या आयुष्यात इतका अपमान सोसला नसेल. माझ्या विज्ञानानेही. दर चहाच्या वेळी मामंजी आत जात, पाट पाव फेरा फिरवत आणि तिरके होऊन बाहेर येत. "दार!" आता मी ओरडत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मामंजींनी टिचकी मारली नाही. मला म्हणाले, "तू मार." मी नखाने टिचकी मारली.

टण्ण.

एकतिसांचेही रंग झाले. सगळ्यात शेवटी डोळे. मामंजी काळा चष्मा काढून, ऑपरेशन झालेल्या नव्या डोळ्याने गणपतीच्या अगदी जवळ गेले. पहिल्या डोळ्याची रेघ ओढली आणि मागे झाले. मग देवघरातल्या फोटोकडे गेले. मागच्या वर्षीच्या आमच्या गणपतीचा तो फोटो होता. तो जवळून बघितला, लांबून बघितला.

"इतकी वर्सं मी ह्याला जरा तिरकं बघाय लावत हुतो काय गो?"

मी फोटो पाहिला. होय, जरा तिरकंच. "थोडंसं," मी म्हणाले.

"कोन बोललं न्हाई!"

"लोकांना वाटत असेल, तो त्यांच्याकडेच बघतोय."

त्या वर्षी एकतीस घरांत गणपतीने पहिल्यांदाच सरळ समोर बघितलं.

देऊ गावकार चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आला. बुटका, काटक माणूस, खांद्यावर दोरी, बगलेत प्लास्टिकचा कागद. मामंजी त्याला काही सांगणार नाहीत, ते मला ठाऊक होतं. सांगायचं असेल तर मीच. मी चहा दिला आणि उभी राहिले.

"देऊदादा, तुमचा पहिला गणपती माझ्या हातनं फुटला. हा दुसरा आहे. त्याच मातीचा."

देऊने चहाचा घोट घेतला. "पयला कसा हुता?"

"असाच."

"मग?" तो म्हणाला, आणि बशीतला चहा संपवला.

बाहेर पाऊस असा की समोरचं फणसाचं झाड दिसत नव्हतं. दहा दिवस जिला थेंबाथेंबापासून जपलं ती माती देऊने प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर केळीची पानं बांधली, डोक्यावर घेतली आणि सरळ पावसात चालू लागला. मी ओसरीच्या पायरीपर्यंत धावले. "प्लास्टिक नीट धरा! वारा आला तर थांबा! झाडाखाली थांबू नका, ठिबकतं!" मामंजी मागून म्हणाले, "ये आत. त्यो पावसाचाच देव हाय. तुज्या खोलीतला न्हवं."

पाच दिवसांनी गणपती गेले. आठवड्याने पाट परतायला लागले. या वर्षी सगळ्यांची तोंडं हसरी. एकाच्याही पोटाचा रंग निघाला नव्हता. आणि प्रत्येक जण एक गोष्ट आवर्जून सांगत होता: विसर्जनाला पाण्यात ठेवला आणि गणपती बघता बघता विरघळला. दरवर्षी अर्धा-मुर्धा दिवसचे दिवस तळाशी पडून राहायचा, बघवायचं नाही. या वर्षी आरती संपेपर्यंत पाणी स्वच्छ. कारण मला उशिरा सुचलं. पूर्ण वाळलेली माती पाण्यात पडली की सगळ्या अंगाने पाणी पिते आणि लगेच सुटते. अर्धी ओली माती तशीच चिकटून बसते. मी ते मामंजींना समजावून सांगितलं. ते खूश झाले. ओसरीवर बसून प्रत्येक येणाऱ्याला ते दमडीफायर दाखवू लागले, जणू त्यांनीच तो मातीचा घडवला होता.

सगळ्यात शेवटी देऊ आला. पाट आणि एक मोठी पिकली काकडी घेऊन. काकडी पायरीवर ठेवली, पाट भिंतीला टेकवला आणि बसला. चेहरा पडलेला.

"काय गा देऊ?" मामंजी म्हणाले. "रंग गेला?"

"रंग कशाला जाईल. गणपती चांगला हुता. डोळं तर... असं समोर बगत हुता. बायको दोन दिस त्याच्याफुडं लाजत हुती."

"मग?"

"व्हाळात ठेवला आनि गेला. हात सोडला न्हाई तवर गेला."

"बरं झालं की!"

"तुमास्नी बरं," देऊ म्हणाला. त्याने पंच्याने तोंड पुसलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला. "दरवर्सी त्यो तीन-चार दिस बसायचा तितं पान्यात. बायको सकाळी पानी आनाय गेली की त्याच्यासंगट बोलायची. माज्या कागाळ्या सांगायची. वरीसभराच्या. मी काय केलं, काय केलं न्हाई, तिच्या म्हायेरच्या मानसांस्नी काय बोललो. त्याला समदं सांगून मोकळी हून घरी यायची, मग वरीसभर बोलायची न्हाई त्यातलं काय. औंदा गेली घागर घिऊन, आनि तितं कोन न्हाई. तशीच भरून परत आली."

"मग?"

"मग मला सांगाय लागलीया." देऊने कपाळावर हात मारला. "लगीन झाल्यापासनं सुरवात केलीया. अजून मोठी पोरगी जन्माला न्हाई आली."

मी तोंडाला पदर लावला. मामंजी हसले नाहीत. ते कारागीर आहेत आणि समोर गिऱ्हाईक होतं.

"फुडल्या वर्सी जरा वला ठेवा गा," देऊ म्हणाला.

"किती वला?"

देऊने विचार केला. "तीन दिस टिकंल असा."

"तीन पुरतील?"

देऊ गावकाराने बोटांवर हिशेब केला.

"चार करा," तो म्हणाला.